आलेखाच्या कोपऱ्यातली ओळख

ग्नूप्लॉट हा आलेख काढणारा प्रोग्रॅम टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी 1986 साली लिहायला घेतला. आजही शास्त्र आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती तो असतो. समजा, त्यात चार ठिकाणच्या पावसाचा आलेख काढला: बीड, सोलापूर, रत्नागिरी आणि छत्रपती संभाजीनगर. कोणती रेघ कोणाची हे सांगणारी एक लहानशी चौकट आलेखाच्या कोपऱ्यात येते. ग्नूप्लॉट तिला ‘की’ म्हणतो. ही चौकट डाव्या कोपऱ्यात न्यायची असेल तर ‘सेट की लेफ्ट’ असा हुकूम लिहायचा, त्यात लेफ्टचा एल लहान. तोच एल कॅपिटल काढला तर चौकट जागची हलत नाही. तिच्या आतली नावं तेवढी डावीकडून एका रेषेत लागतात. म्हणजे ‘डावीकडे’ या एकाच शब्दाला दोन अर्थ, आणि फरक फक्त एका अक्षराच्या मोठेपणाचा. नवा माणूस इथे हमखास अडखळतो.

मराठीत बोलताना हा घोळ होत नाही. चौकट आपण ‘डावीकडे ठेवतो’ आणि नावं ‘डावीकडून जुळवतो’. ठेवणं वेगळं, जुळवणं वेगळं. या चौकटीभोवती जमलेले शब्द एकेक करून हातात घेतले तर हा फरक किती जुना आणि किती कामाचा आहे ते दिसतं.

इंग्रजीत या चौकटीचं रूढ नाव लेजंड. आपल्याकडे लेजंड म्हटलं की आधी आठवते दंतकथा, नाहीतर गाण्यातलं किंवा क्रिकेटमधलं एखादं मोठं नाव. त्याचा आलेखाच्या कोपऱ्याशी काय संबंध? लॅटिनमध्ये ‘लेगेरे’ हा धातू, अर्थ गोळा करणं, निवडणं आणि त्यावरून वाचणं. ‘लेगेंडा’ म्हणजे जे वाचायचं आहे ते. संस्कृतातल्या ‘अनीय’ प्रत्ययासारखंच हे रूप आहे: पठनीय, करणीय, वाचनीय. सभेच्या आधी आपण जो ‘अजेंडा’ फिरवतो तो याच साच्यातला. ‘आगेरे’ म्हणजे करणं, म्हणून अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी. मध्ययुगीन युरोपात संतांच्या सणांच्या दिवशी त्यांची चरित्रं वाचून दाखवत. तेराव्या शतकात याकोबस द व्होराजिने या धर्मगुरूने अशा चरित्रांचा जो संग्रह केला तो ‘लेजेंडा ऑरिया’, म्हणजे सोनेरी वाचनपोथी. विल्यम कॅक्स्टनने 1483 साली तो इंग्रजीत छापला. त्या चरित्रांत चमत्कार ठासून भरलेले होते, म्हणून पुढे लेजंड म्हणजे ऐकीव, अद्भुत कथा असा अर्थ बळावला. पण शब्दाचा मूळ अर्थ, ‘हे वाचा’, दुसऱ्या वाटेने टिकून राहिला. नाण्यावर कोरलेल्या अक्षरांना लेजंड म्हणू लागले, मग चित्राखालच्या मजकुराला, मग नकाशातल्या खुणांच्या खुलाशाला, आणि तिथून तो आलेखाच्या कोपऱ्यात येऊन बसला.

नाण्यांचा अर्थ आपल्याला परका नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई पाहावी. एका अंगाला ‘श्री’, ‘राजा’, ‘शिव’ अशा एकाखाली एक तीन ओळी, दुसऱ्या अंगाला ‘छत्र’ आणि ‘पति’ अशा दोन, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. नाणेशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत या अक्षरांना लेजंडच म्हणतात, मराठीत आपण लेख म्हणतो. शिवराई हातात घेतली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर कडेची अक्षरं अर्धी किंवा पूर्णच चकतीबाहेर गेलेली असतात. आजचा प्रोग्रॅमर लेजंडची चौकट आलेखाच्या बाहेर उजवीकडे ठेवतो आणि फाइल साठवतो, तेव्हा लांब नावांची शेपटं नेमकी अशीच कापली जातात.

मराठीत या चौकटीला ‘सूची’ म्हणतात, आणि हा शब्द आपण शाळेतच शिकलेलो असतो. बालभारतीच्या भूगोलाच्या पुस्तकात नकाशाबरोबर शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची शिकवतात. त्याच भूगोलात पुढे ‘सूचिपर्णी अरण्ये’ येतात, आणि सूची या दोन्ही ठिकाणी एकच आहे हे सहसा कोणी सांगत नाही. संस्कृतात सूची म्हणजे सुई. आपली सुई ही तिचंच झिजलेलं रूप. सुईसारखी पानं ती सूचिपर्णं. सुई टोकाने दाखवते, टोचून लक्ष वेधते. सूचना, सूचक, सूचित हे सगळे शब्द त्याच घरातले. पुस्तकाच्या शेवटची सूची पान दाखवते, नकाशाची सूची चिन्हाचा अर्थ दाखवते. ‘लेजंड’ वाचायला सांगतो, ‘सूची’ बोट दाखवते. मला यात सूची जास्त नेमकी वाटते, कारण आलेखाच्या कोपऱ्यात वाचण्यासारखं थोडंच असतं. तिथे दाखवायचंच काम असतं.

सूचीचा आणखी एक अर्थ दगडात आहे. बौद्ध स्तूपाभोवती जो कठडा असतो त्याच्या उभ्या खांबांना खाचा पाडून आडव्या दांड्या आरपार बसवलेल्या असतात. खांबांतून ओवलेल्या त्या आडव्या दांडीला सूची म्हणतात. भाजे आणि कार्ले इथल्या लेण्यांत हाच कठडा नुसती नक्षी म्हणून कोरलेला आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाचा खरा कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्याच्या दांड्यांवर ‘ही सूची अमक्याचं दान’ असे ब्राह्मी लेख आहेत. भरहुतची खरी ख्याती मात्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. तिथल्या शिल्पांवर नावं कोरलेली आहेत: हा यक्ष कोण, हे जातक कोणतं, हा प्रसंग कुठला. अनाथपिंडिक या व्यापाऱ्याने जमिनीवर नाणी अंथरून बुद्धासाठी जेतवन ही बाग विकत घेतली त्या दृश्यावर तसं लिहून ठेवलं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही लेबलं आहेत, आणि ती चित्राला लगटून आहेत, लांब कोपऱ्यात नाहीत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

लेबल हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता कापडाची पट्टी, फीत, झालरीचा तुकडा. मजकुराला संगणकवाले ‘टेक्स्ट’ म्हणतात. लॅटिन ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणं, म्हणून टेक्स्ट म्हणजे विणलेलं. लाइन आली ‘लिनुम’पासून, म्हणजे जवसाच्या धाग्यापासून, लॅटिन ‘लिनेआ’ हा आधी नुसता दोरा होता, ताणून धरल्यावर रेषा झाला. अलाइनमेंट त्या लाइनवरूनच. म्हणजे ‘टेक्स्ट लेबल अलाइन करा’ या हुकुमात विणकाम, चिंधी आणि दोरा असे तिघे आहेत, आणि मराठी सूचीची सुई धरली तर सगळा सरंजाम पुरा होतो. आपल्याकडेही रेषेचं काम दोऱ्यानेच व्हायचं. सुतार हा मूळचा सूत्रधार, सूत धरणारा. रंगात बुडवलेलं सूत फळीवर ताणून झटका दिला की सरळ रेघ उमटते. गवंडी विटांचा थर सुतात लावतो. ‘एका सुतात’ म्हणजे एका रेषेत, आणि अलाइनमेंटला इतका चपखल मराठी शब्द दुसरा नाही.

चार्ट या शब्दाचं गोत्र तर आपल्याला अनपेक्षित ठिकाणी भेटतं. ग्रीक ‘खार्टेस’ म्हणजे पपायरसचा ताव. त्यावरून लॅटिन ‘कार्टा’, त्यावरून कार्ड आणि चार्ट. त्याच कार्टाच्या कागदी सुरळीला पोर्तुगीज ‘कार्तुशु’ म्हणाले, दारू भरलेली कागदी नळी, आणि ती गोव्यावाटे मराठीत येऊन काडतूस झाली. आलेखाचं मूळ त्या मानाने सरळ आहे. लिख् म्हणजे ओरखडणं, आणि वैदिक भाषेत याच धातूचं रिख् असंही रूप आहे. म्हणून लेख आणि रेखा ही एकाच ओरखड्याची दोन नावं. रेखाची मराठीत रेघही झाली आणि रेषही. ग्रीक ‘ग्राफेन’चाही मूळ अर्थ ओरखडणंच. ग्राफला आलेख म्हणणाऱ्याने फार चांगलं काम केलं.

आता ज्या शब्दांपाशी मला थांबायचं आहे ते: ओळ, ओळंबा आणि ओळख. तिन्ही एकाच बीजातून उगवल्यासारखे दिसतात, पण तिघांची मुळं वेगळी. ओळ आली ‘आवली’वरून, दीपावलीतली आवली, म्हणजे रांग. प्राकृतात तिची ‘ओली’ झाली आणि मराठीत ओळ. ओळंबा आला ‘अवलंब’वरून, म्हणजे खाली लोंबणं. दोरीच्या टोकाला बांधलेलं वजन गवंडी भिंतीच्या कडेला सोडतो तो ओळंबा. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे त्यावरून कळतं. आडवी पातळी पाहायला पाणसळ, उभी कड पाहायला ओळंबा. आणि ओळख आली ‘उपलक्ष्’वरून, म्हणजे खुणेवरून जाणणं. सुरुवातीचे ‘आव’, ‘अव’ आणि ‘उप’ मराठीत झिजून ‘ओ’ झाले आणि तीन अनोळखी शब्द शेजारी येऊन बसले.

आलेखाच्या सूचीत या तिघांनाही काम आहे. प्रत्येक नावाची एक ओळ असते. त्या ओळींच्या कडा ओळंब्यात असाव्या लागतात. आणि हे सगळं ज्यासाठी चाललंय ती ओळख, कोणती रेघ कोणाची. अलाइनमेंटची चर्चा चालते तेव्हा लोक पहिल्या दोघांवर थांबतात: ओळी नीट दिसताहेत का, कड सरळ आहे का. पण कड कोणती सरळ हवी, डावी की उजवी, हे ओळखीने ठरवायचं.

इथे चौथा शब्द लागतो: जुळणं. तो आला ‘युगल’वरून, म्हणजे जोडी, जुळी भावंडंही तिथलीच. छापखान्यात शिशाचे खिळे उचलून ओळी लावणारा तो जुळारी. त्याचं काम नुसतं सरळ लावण्याचं नव्हतं, अक्षराला अक्षर जोडून अर्थ उभा करण्याचं होतं. सूचीतली प्रत्येक ओळ ही एक जोडी असते: एका बाजूला रंगीत रेघेचा तुकडा, दुसऱ्या बाजूला नाव. मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या दुसऱ्या साधनात या तुकड्याला ‘हँडल’ म्हणतात. मराठीत भूगोलाच्या पुस्तकाने ‘चिन्हे आणि खुणा’ म्हणून शब्द देऊनच ठेवला आहे, आपण त्याला खूण म्हणू. खूण आणि नाव यांची जोडी नजरेला एका झेपेत पकडता आली पाहिजे. म्हणून नियम असा: नावाची जी कड खुणेकडे आहे ती सरळ हवी. दुसरी कड वेडीवाकडी राहिली तरी बिघडत नाही.

हा नियम लावून ग्नूप्लॉटकडे परत पाहिलं की त्याची मूळची रचना विचित्र वाटत नाही. त्यात नाव डावीकडे आणि खूण उजवीकडे येते, आणि नावं उजवीकडून जुळवलेली असतात. ‘बीड’ची डावी बाजू रिकामी, ‘छत्रपती संभाजीनगर’ चौकटीच्या काठापर्यंत पोचलेलं, पण दोन्ही नावं आपापल्या खुणेला तेवढ्याच अंतरावर टेकलेली. त्याच मांडणीत कॅपिटल एल लिहून नावं डावीकडे सरकवली तर चौकट देखणी होते आणि ‘बीड’ची खूण हातभर लांब जाते. मधली पोकळी पार करताना नजर वरच्या किंवा खालच्या ओळीत घसरते. म्हणून जाणकार ‘लेफ्ट’बरोबर ‘रिव्हर्स’ही लिहितात, रिव्हर्सने खूण डावीकडे येते आणि नाव उजवीकडे. हे दोन हुकूम जोडीनेच लिहावेत.

मॅटप्लॉटलिबमध्ये ही जाण आतच घातलेली आहे. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने सुरू केलेलं हे साधन 2003 साली लोकांसमोर आलं. त्यात मुळातच खूण आधी आणि नाव नंतर येतं. ‘मार्करफर्स्ट’ नाही म्हटलं की नाव डावीकडे जातं, आणि न सांगता ओळी उजवीकडून जुळवल्या जातात. लॅटेक या मजकूर मांडणाऱ्या प्रणालीसाठीच्या पीजीएफप्लॉट्समध्ये मात्र सूचीतली नावं मूळ मांडणीत मध्यावर जुळवलेली असतात. मध्यावर जुळवलं की दोन्ही कडा वाकड्या, म्हणजे ओळंबा कुठेच नाही. शिवराईवर ‘श्री, राजा, शिव’ मध्यावर शोभतं, कारण तिथे प्रत्येक ओळीला जोडीदार नाही. सूचीत ते चालत नाही. म्हणून लॅटेकमध्ये आलेख काढणारे ‘लेजंड सेल अलाइन लेफ्ट’ ही ओळ जवळजवळ हात बसल्यासारखी लिहितात. जुन्या उदाहरणांत तेच काम ‘अँकर वेस्ट’ असं लिहून केलेलं दिसतं, म्हणजे नावाचा नांगर पश्चिमेच्या कडेला टाका. दिशेचा असा उपयोग मला फार आवडतो. डावं-उजवं बोलणाऱ्याच्या तोंडाप्रमाणे फिरतं, पश्चिम फिरत नाही.

नियमाला एक अपवाद आहे, तो आकड्यांचा. सूचीत गावांच्या नावांऐवजी पावसाचे मिलिमीटर असतील, 50, 250, 1000, 2500, तर खूण डावीकडे असली तरी आकडे उजवीकडून जुळवावेत. बेरीज शिकताना एककाखाली एकक, दशकाखाली दशक लिहायला बाई सांगतात तेच हे. तसं लावलं की कोणता आकडा मोठा हे वाचायच्या आधी लांबीवरूनच दिसतं. आर भाषेतल्या जीजीप्लॉट2 च्या जुन्या आवृत्त्यांत साधी नावं आपोआप डावीकडून आणि गणिती पदावल्या उजवीकडून जुळत. ज्याने हे ठरवलं त्याने अक्षरं आणि अंक यांतला फरक मनात धरला असणार.

यापुढचा प्रश्न असा की सूची मुळात हवी का. विल्यम प्लेफेअरने 1786 साली इंग्लंडच्या व्यापाराचे जे आलेख छापले ते रेषालेखाच्या इतिहासातले पहिले मानले जातात. त्याने आयातीच्या रेषेवर ‘आयातीची रेषा’ आणि निर्यातीच्या रेषेवर ‘निर्यातीची रेषा’ असं तिरकं, रेषेच्या वळणाने लिहिलं आहे. कोपऱ्यात चौकट नाही. भरहुतच्या शिल्पींनी जे दगडावर केलं तेच त्याने कागदावर केलं: नाव जिथल्या तिथे. दोन-तीन रेषांच्या आलेखाला आजही यापेक्षा चांगली रीत नाही. नजर कुठे जात-येत नाही, रंग ओळखण्याचा प्रश्न उरत नाही, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही अर्थ शाबूत राहतो. सूची लागते ती रेषा सात-आठ झाल्या आणि एकमेकींत गुंतल्या की. तेव्हाही नावांचा क्रम रेषांच्या उजव्या टोकांच्या क्रमाप्रमाणे लावला, सगळ्यात वरची रेषा सूचीतही सगळ्यात वर, तर निम्मी ओळख तिथेच पटते. प्रोग्रॅम हा क्रम आपणहून लावत नाही. ज्या क्रमाने रेघा काढल्या त्या क्रमाने नावं मांडतो. हे हाताने करावं लागतं आणि ते करण्याजोगं आहे.

मराठी नावं घालताना आणखी एक अडचण येते, ती उभ्या जुळणीची. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर बसतात, देवनागरी अक्षरं वरच्या रेषेला लोंबतात. आपल्या दुरेघी वहीत मुलं वरच्या रेघेला शिरोरेषा टेकवून लिहितात. इंग्रजीची वही चौरेघी आणि तिच्यात भर खालच्या बाजूला. आलेखाचे बहुतेक प्रोग्रॅम रोमन अक्षर मनात धरून लिहिलेले आहेत. खुणेची रेघ ते खालच्या रेषेपासून मोजून अशा उंचीवर ठेवतात, जी रोमनच्या लहान अक्षरांच्या मध्यावर येते. देवनागरीचा भार शिरोरेषेकडे असल्यामुळे खूण नावाच्या तुलनेत खाली पडल्यासारखी दिसते. ती थोडी वर घ्यावी लागते. शिवाय ‘धुळे’मध्ये वर मात्रा आणि खाली उकार, ‘नगर’मध्ये दोन्ही नाहीत. ओळीची उंची प्रत्येक शब्दाच्या प्रत्यक्ष आकारावरून मोजणारा प्रोग्रॅम असेल तर ओळींमधलं अंतर कमी-जास्त होतं. उंची शब्दावरून न घेता पूर्ण फाँटवरून घ्यावी, म्हणजे सगळ्या ओळी सारख्या अंतरावर येतात.

याच्याही आधी अक्षरं नीट घडली पाहिजेत. पहिली वेलांटी संगणकात व्यंजनानंतर साठवली जाते आणि दिसते मात्र व्यंजनाआधी. ही अदलाबदल करणारी यंत्रणा, उदाहरणार्थ हार्फबझ, प्रोग्रॅमने वापरली नाही तर ‘रत्नागिरी’तल्या ‘गि’ची वेलांटी ‘ग’च्या मागे जाऊन ‘र’ला चिकटते आणि ‘त्न’ची जोडी फुटून पाय मोडलेला ‘त्’ वेगळा उभा राहतो. हार्फबझ हे नाव फारसीतलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुलं, ओपनटाइप या फाँटच्या पद्धतीचं ते भाषांतर आहे. जिथे ही सोय नाही तिथे मराठी आलेख काढणाऱ्याने लॅटेकच्या झीलॅटेक किंवा लुआलॅटेक या वाटेने जावं, किंवा एसव्हीजी करून ब्राउझरकडून अक्षरं मांडून घ्यावीत. मग सूचीत ‘रत्नागिरी’ पुरं रत्नागिरी राहतं, आणि त्याची डावी कड खुणेशी सुतात आणण्याचं काम एका हुकुमाचं उरतं.